आफ्रिकी विद्यार्थ्यांची पदवी परतीच्या दिवसापासून आखा

प्रति,
आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी एम.एस्सी., एम.टेक. आणि पीएच.डी.चे अभ्यासक्रम आखणाऱ्या भारतीय विद्यापीठांची व तंत्रशिक्षण संस्थांची अभ्यास मंडळे

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

२०२३ साली आयआयटी मद्रासने झांझिबारमध्ये आपला परिसर सुरू केला. देशाबाहेरची ही पहिली आयआयटी, आणि प्रीती अघालयम यांच्या रूपाने एखाद्या आयआयटीच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक महिला आली. त्याच वर्षी युगांडातल्या जिंजा शहरात आपल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची शाखा उघडली. त्याआधी २०१५च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांसाठी ५० हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या होत्या. पुण्यात तर सुदान, टांझानिया, केनिया, नायजेरिया, नामिबिया इथून येणारी मुलं कित्येक वर्षांपासून शिकत आहेत. आता ठिकठिकाणी या विद्यार्थ्यांसाठी वेगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम आखण्याची चर्चा आहे. तुम्ही कागद-पेन घेऊन बसण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवली आहे. टांझानिया, इथिओपिया आणि सुदानमधल्या विद्यार्थ्यांचा मी गाईड होतो. माझं मागणं एकच आहे. या विद्यार्थ्याची पदवी त्याच्या परतीच्या दिवसापासून मागे मागे येत आखा. पदवी घेऊन तो टांझानियातल्या अरुशाला किंवा घानातल्या कुमासीला उतरेल आणि कामावर रुजू होईल, तेव्हा त्याच्यापुढे कोणता प्रश्न असेल, हाताशी कोणतं उपकरण असेल, शेजारच्या टेबलावर कोण बसलेलं असेल, हे आधी ठरवा. पहिल्या सत्राचे पेपर त्यानंतर ठरवा. आज आपल्याकडे हे बरोबर उलट्या क्रमाने चालतं. आपला चालू अभ्यासक्रम उचलायचा, त्याला ‘आफ्रिकेतील आव्हाने’ नावाचा एक ऐच्छिक विषय जोडायचा आणि विद्या परिषदेकडे मंजुरीला पाठवायचा.

पाणी हा माझा विषय, म्हणून पाण्यातूनच सांगतो.

पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड हा आपला जुना शत्रू. तेलंगणातल्या नलगोंड्यापासून आपल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांपर्यंत त्याने माणसांचे दात आणि हाडं खाल्ली आहेत. नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, यावर जी पद्धत बसवली, ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणून जगभर ओळखली जाते. पाण्यात तुरटी, चुना आणि थोडी ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. साधी, स्वस्त, गावातल्या माणसाला बादलीतही जमणारी. मला या पद्धतीचा अभिमान आहे, आणि ती आफ्रिकेतही गेली. टांझानियात, केनियात, इथिओपियात तिचे प्रयोग झाले.

पण अरुशाजवळच्या मेरू पर्वताचं पाणी नलगोंड्याच्या विहिरीसारखं नाही. तिथला खडक ज्वालामुखीचा, अल्कलीने भरलेला. पाण्यात सोडियम भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. कॅल्शियम असतं तर थोडंफार फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसलं असतं. ते नसल्यामुळे सगळं विरघळलेलंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. मेरूच्या उतारावर त्या मर्यादेच्या दहापट आणि त्याहूनही जास्त फ्लोराइड असलेले झरे आहेत. एवढं फ्लोराइड तुरटीने काढायचं म्हटलं, तर तुरटी इतकी घालावी लागते की पाण्यात सल्फेट उरतं, चव बिघडते आणि दर बादलीमागे गाळाचा ढीग साठतो. त्या गाळाचं काय करायचं, हा पुन्हा नवा प्रश्न. म्हणून तिकडे दुसरा उपाय जास्त चालला: हाडांचा कोळसा. जनावरांची हाडं कमी हवेत, नेमक्या तापमानाला भाजायची. कमी भाजली तर पाण्याला वास येतो आणि जास्त भाजली तर फ्लोराइड धरून ठेवण्याची ताकद जाते. केनियातल्या नाकुरूमध्ये आणि अरुशाजवळ यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. हाच उपाय विदर्भातल्या गावात नेला, तर हाडांतून आलेलं पाणी घरातली किती माणसं तोंडाला लावतील, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

रोग एकच, फ्लोराइड एकच. मात्र खडक वेगळा, बाजारात मिळणारं सामान वेगळं, माणसांचं मन वेगळं. त्यामुळे विज्ञान शेवटपर्यंत नेलं की उत्तरही वेगळं येतं. पदव्युत्तर शिक्षणात हे ‘शेवटपर्यंत नेणं’ शिकवायचं असतं, आणि नेमकं तेच आपल्या साच्यात राहून जातं.

माझ्याकडे मेरूच्या पायथ्याच्या एका गावातला विद्यार्थी होता. दातांवर तपकिरी पट्टे; हसताना हात आपोआप तोंडापुढे जायचा. प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात त्याला मंजूर पुस्तिकेतला प्रयोग मिळाला: ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून तयार केलेलं पाणी, त्यात तुरटीची मात्रा वाढवत जायची आणि आलेख काढायचा. त्याने बीकर उचलून विचारलं, “सर, या पाण्यात बाकी काहीच नाही?” त्याच्या गावच्या पाण्यात बायकार्बोनेट ठासून भरलेलं असतं. तुरटी किती लागेल, सामू कुठे स्थिरावेल, ते सगळं त्या ‘बाकी’वर ठरतं. बीकरमधलं पाणी जगात कुठल्याच गावात कोणी पीत नाही. त्या प्रश्नातून त्याचा प्रबंध उभा राहिला, पण त्याला पुस्तिकेत जागा नव्हती. घरून आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांवर पहिली मोजमापं झाली.

त्याने इथे फ्लोराइड मोजलं ते आयन क्रोमॅटोग्राफवर. वातानुकूलित खोलीतलं, देखभाल कराराखालचं यंत्र. परत गेल्यावर त्याचं पत्र आलं. त्याच्या विभागातही असंच यंत्र होतं, कोणीतरी देणगीत दिलेलं. त्याचा कॉलम निकामी झाला होता आणि नवा मागवायला पैसेही नव्हते, एजंटही नव्हता. मग त्याने फ्लोराइडचा साधा इलेक्ट्रोड मिळवला आणि तो वापरायला स्वतःच शिकला. बफर का घालायचा, कॅलिब्रेशन किती वेळा करायचं, तापमान बदललं की वाचन का सरकतं, यातलं काहीही आम्ही त्याला शिकवलेलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात तो इलेक्ट्रोड ‘जुनं तंत्र’ म्हणून केव्हाच गळला होता.

म्हणून माझी पहिली विनंती उपकरणांबद्दल आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपलं मुख्य मोजमाप दोन तऱ्हांनी करायला शिकलं पाहिजे: एकदा इथल्या उत्तम यंत्रावर, आणि एकदा अशा साधनावर जे त्याच्या विभागात आहे किंवा येऊ शकतं. दोन्ही आकडे जुळवून दाखवले तरच प्रकरण पुरं झालं असं माना. यंत्र उघडणं, पंपाची सीलं बदलणं, दाब-चढउतारापासून इलेक्ट्रॉनिक्स वाचवणं, सुट्या भागांची यादी करून खरेदीचा प्रस्ताव लिहिणं याला श्रेयांक द्या. आपल्याकडे ही कामं लॅब असिस्टंटची म्हणून खालच्या पायरीची धरली जातात. द्रवरूप नायट्रोजन आठवड्याने मिळणाऱ्या आणि वीज दुपारी जाणाऱ्या विभागात मात्र संशोधन चालू राहील की नाही, हे याच कामांवर ठरतं. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक याला दुजोरा देतील.

आता शिष्यवृत्तीच्या पद्धतीकडे वळतो, कारण दोष फक्त अभ्यासक्रमात नाही.

आपण एकेकटा विद्यार्थी निवडतो. हुशार मुलगा किंवा मुलगी, चांगले गुण, दूतावासातून आलेला अर्ज. तो येतो, इथल्या मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातला एक तुकडा उचलतो, दोन शोधनिबंध छापतो आणि परत जातो. तिथे त्या तुकड्याशी कोणाचंच काही देणंघेणं नसतं. मग तो एक तर वर्गात तासांवर तास घेत राहतो किंवा पुन्हा विमानात बसतो. दुसऱ्या वाटेबद्दल मी त्याला दोष देणार नाही. आपलीही अर्धी पिढी त्याच वाटेने गेली.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, याचं उदाहरण आईसलँडचं आहे. रेक्याविकमध्ये १९७९ पासून भूऔष्णिक ऊर्जेचा, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा, सहा महिन्यांचा प्रशिक्षणक्रम चालतो; आधी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठाच्या छत्राखाली, २०२० पासून युनेस्कोच्या. पाया फार समजूतदारपणे घातलेला. निवडायला आईसलँडचे तज्ज्ञ स्वतः त्या देशात जातात, मुलाखती तिथेच होतात. उमेदवार आधीच त्या क्षेत्रात नोकरीला असावा लागतो, म्हणजे परतल्यावर त्याची खुर्ची जागेवर असते. शेवटचा प्रकल्प बहुतेकदा तो आपल्या देशातून आणलेल्या नोंदींवरच करतो. या कार्यक्रमातून सर्वाधिक माणसं केनियाची तयार झाली आहेत. आज नैवाशाजवळच्या ओल्कारिया क्षेत्रात गेलात तर विहीर खोदण्यापासून जलाशयाचं गणित मांडण्यापर्यंतचं काम केनियन अभियंते करताना दिसतात, आणि केनियाच्या एकूण विजेतला सुमारे ४० टक्के वाटा भूगर्भातल्या वाफेचा आहे. हे एकट्या प्रशिक्षणाने झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे सरकारचा पैसा होता, कर्जं होती, रिफ्ट खोऱ्याचं दान होतं. पण ही सगळी जुळणी झाली तेव्हा माणसं तयार होती. पुढे २००५ पासून हेच शिक्षक छोटे अभ्यासक्रम घेऊन केनियात जाऊ लागले. साडेतीन-चार लाख वस्तीचा एक देश हे करू शकला.

दुसरं उदाहरण स्वीडनच्या उप्सालाचं. तिथला आंतरराष्ट्रीय विज्ञान कार्यक्रम १९६१ मध्ये सुरू झाला. तो व्यक्तीपेक्षा संशोधन गटाला आधार देतो, आणि तोही दहा-पंधरा वर्षं सलग. पीएच.डी.चा विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात नाव नोंदवतो, काही महिने स्वीडनला जातो, परत येऊन काम करतो, पुन्हा जातो. पदवी त्याच्या घरच्या विद्यापीठाची. त्यामुळे तिथल्या विभागाला पीएच.डी. देण्याची सवय लागते, आणि एक माणूस तयार होताना त्याच्या मागे पुढच्या माणसांची फळी तयार होते.

आपण हे का करू नये? आपल्याकडे भाषेची अडचण त्यांच्याहून कमी, खर्च कमी, आणि वीज-पाणी-रस्त्यांचे प्रश्न ओळखीचे. तेव्हा माझी दुसरी विनंती: पीएच.डी.चा किमान अर्धा काळ विद्यार्थी आपल्या देशात असला पाहिजे, आणि दोन मार्गदर्शकांपैकी तिथल्या मार्गदर्शकाची सही संशोधनाच्या आराखड्यावर आधी असली पाहिजे. प्रश्न तिथून आला पाहिजे. त्याच गटातून पुढची काही वर्षं एकामागून एक विद्यार्थी घ्या, म्हणजे पहिला परतेल तेव्हा तिसरा त्याच्या हाताखाली तयार होत असेल. ५० हजार सुट्या शिष्यवृत्त्यांपेक्षा असे ५० गट मला मोलाचे वाटतात.

इथे माझे काही सहकारी लगेच विचारतात, आणि रास्त विचारतात, की यातून दुय्यम दर्जाची पदवी तयार होणार नाही का? आफ्रिकेच्या मुलाने फक्त आफ्रिकेच्या पाण्यावर, मक्यावर आणि मलेरियावर काम करायचं, मूलभूत विज्ञान आपण करायचं, असा याचा अर्थ नाही का?

नाही, आणि तसा अर्थ कोणी लावत असेल तर त्याला मी सगळ्यात आधी विरोध करेन. केप टाउनजवळ म्युझेनबर्गला, समुद्रकाठच्या एका जुन्या हॉटेलात, नील टुरॉक या भौतिकशास्त्रज्ञाने २००३ मध्ये आफ्रिकन गणितीय विज्ञान संस्था सुरू केली. एम्स या नावाने ती ओळखली जाते. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडातही तिची केंद्रं निघाली. तिथली पदव्युत्तर पदवी वर्षभराची, निवासी. जगभरातून प्राध्यापक तीन-तीन आठवड्यांसाठी येतात, मुलांच्याच इमारतीत राहतात, त्यांच्याच पंगतीला जेवतात. पहिले काही आठवडे विश्वोत्पत्ती नाही की यादृच्छिक प्रक्रिया नाहीत. तेव्हा प्रश्न कसा सोडवायचा, प्रोग्राम कसा लिहायचा, इंग्रजीतून गणित कसं मांडायचं हे शिकवतात. कारण पाठांतरावर पदवी मिळवून आलेला विद्यार्थी तिथेही असतो, आपल्यासारखाच. काही मुलं फ्रेंचमधून शिकून आलेली असतात, काही पोर्तुगीजमधून, आणि पहिल्या महिन्यात हे अंतर भरून काढण्याला तिथे कमीपणा मानत नाहीत, तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्या शुद्ध गणिताच्या पायावर तिथली मुलं हवी ती दिशा धरतात. आपल्याकडे मात्र माली किंवा काँगोहून आलेल्या विद्यार्थ्याला जुलैत प्रवेश मिळतो आणि सप्टेंबरात तो इंग्रजीतून अंतर्गत परीक्षा देत असतो. नापास झाला की आपण म्हणतो, पाया कच्चा.

नायजेरियातल्या एडे गावी क्रिश्चन हापी यांनी जनुकशास्त्राचं केंद्र उभं केलं. मार्च २०२० मध्ये आफ्रिकेतल्या करोना विषाणूचा पहिला जनुकीय आराखडा तिथेच वाचला गेला. नमुना लंडनला किंवा बोस्टनला पाठवावा लागला नाही. प्रश्न स्थानिक होता आणि विज्ञान जगातलं सर्वांत पुढचं होतं. पदवी परतीच्या दिवसापासून आखायची म्हणजे तिची उंची कापायची नव्हे. पाया भक्कम, गणित पूर्ण, आणि दाराबाहेर पडल्यावर पाय टेकायला जमीन, एवढंच मी मागतो. आणि एखाद्या मुलीला कृष्णविवरांवरच काम करायचं असेल, तर तिच्यासाठीही तीच कसोटी लावा: परतल्यावर ती ते कशावर आणि कोणाबरोबर करेल?

याचं उत्तर शोधायला पुणेकरांना फार लांब जावं लागणार नाही. उटीची रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक प्रस्ताव मांडला होता. उटीची दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा असल्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर बसतो. विषुववृत्तावर मात्र असा उतार शोधावा लागत नाही, सपाट जमीनच पुरते. म्हणून स्वरूप यांनी सुचवलं की केनियात किंवा इंडोनेशियात, विषुववृत्तावर, दोन किलोमीटर लांब आणि ५० मीटर रुंद अशी महादुर्बीण विकसनशील देशांनी मिळून उभारावी, आणि तिच्याजवळ अवकाशविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्सची आंतरराष्ट्रीय संस्था काढून या देशांची मुलं तिथे घडवावीत. ते झालं नाही. नंतर स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली, आणि तिच्यामुळे पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या पिढ्या तयार झाल्या. उपकरण आपल्या मातीत असलं की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा आपल्याला कशाला हवा? त्या जुन्या प्रस्तावातला विचार मला आजही थक्क करतो. शिक्षण आणि दुर्बीण एकाच कागदावर मांडलेली, आणि केनियाला भागीदार म्हणून धरलेलं.

दक्षिण आफ्रिकेने हाच विचार पुढे तडीस नेला. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे ही महादुर्बीण कुठे होणार, याचा निर्णय २०१२ मध्ये झाला. पण मुलांना शिष्यवृत्त्या देऊन तयार करण्याचा कार्यक्रम त्यांनी २००५ मध्येच सुरू केला होता, आणि तो घाना, केनिया, मादागास्कर, झांबिया, मोझांबिकसह आठ भागीदार देशांनाही खुला ठेवला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीच्या ६४ अँटेना सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्यावर काम करायला माणसं घरचीच होती. घानात आक्राजवळ कुंटुन्से इथे दूरसंचाराची ३२ मीटरची एक तबकडी समुद्राखालच्या केबली आल्यावर पडून राहिली होती. तिचं रेडिओ दुर्बिणीत रूपांतर करून २०१७ मध्ये ती सुरू करण्यात आली. गंजत पडलेल्या तबकडीचे मोटार, गिअर, ग्राही बदलून तिला आकाशाकडे वळवणं, यासारखा एम.टेक.चा प्रकल्प मी दुसरा पाहिलेला नाही.

भारत स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेचा भागीदार आहे आणि आपल्या सहभागाचं नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. खोडद, कारू आणि कुंटुन्से यांना जोडणारी एक संयुक्त पीएच.डी. आखायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. संबंधित अभ्यास मंडळाने हे पत्र बाजूला ठेवून आधी एवढं एक काम केलं तरी चालेल.

झांझिबारबद्दलही दोन शब्द. तिथे डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं एम.टेक. सुरू आहे, आणि ही निवड मला चांगली वाटते. आता त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कुठल्या नोंदींवर होतात, याकडे लक्ष द्या. तयार इंग्रजी डेटासेट घेऊन मॉडेलची अचूकता अर्ध्या टक्क्याने वाढवण्यात दोन वर्षं घालवू नका. बेटाच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बायका गुडघाभर पाण्यात समुद्रशेवाळाची शेती करतात. पाणी तापत चाललं तसं त्यांचं जास्त भावाचं वाण मरू लागलं आहे. दार-एस-सलाम विद्यापीठाची सागरविज्ञान संस्था झांझिबारमध्येच आहे. तिच्याबरोबर बसून तापमान, भरती-ओहोटी आणि पिकाच्या नोंदी एकत्र करणं, त्यावरून कुठल्या खाडीत कधी लावावं हे सांगता येईल असं प्रारूप करणं, आणि ते स्वाहिलीतून त्या बायकांच्या फोनवर पोचवणं, यात संख्याशास्त्रही अवघड आहे आणि संगणकशास्त्रही.

आणखी एक गोष्ट, जी अभ्यासक्रमात लिहीत नाहीत पण पदवी मात्र तिच्यावरच अडते. आफ्रिकी विद्यार्थ्याला आपल्या शहरात खोली मिळत नाही. फोनवर ‘हो’ म्हणणारा घरमालक दारात चेहरा बघून ‘कालच दिली’ म्हणतो. रिक्षात, बसमध्ये, मंडईत त्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी इथे लिहिणार नाही. परदेशी नोंदणीचे कागद, बँकेचं खातं, शिष्यवृत्तीचा महिनोन्‌महिने न आलेला हप्ता यांत पहिलं सत्र निघून जातं. माझी एक विद्यार्थिनी हप्ता येईपर्यंत एकवेळच जेवत होती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ज्या संस्थेकडे तिची शिष्यवृत्ती होती, तिथला माणूस फोनवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच सांगत राहिला. वसतिगृहातली खोली, पहिल्या दिवशी हातात पैसे आणि तक्रार ऐकणारा एक जबाबदार माणूस, या तीन गोष्टींची लेखी हमी नसेल तर प्रवेशच देऊ नका. मी हे रागाने लिहितो आहे, आणि तो राग तुम्हालाही यावा अशी माझी इच्छा आहे. ज्या मराठी मुलखात इथिओपियातून आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, त्या शहराला नहर-ए-अंबरी या भूमिगत कालव्याचं पाणी दिलं, ज्या नहरीवर आपले अभियंते आजही अभ्यास दौरे काढतात, त्या मुलखात हबशी अभियंता परका ठरतो कसा?

उत्तरं आफ्रिकेत आधीपासून आहेत, ती विचारून घ्या. अरुशाला २०११ पासून नेल्सन मंडेला आफ्रिकन विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. तिथले अस्क्वार हिलोंगा कोरियातून पीएच.डी. करून परतले, पाण्याचं नॅनोफिल्टर बनवलं आणि त्यासाठी २०१५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं पहिलं आफ्रिका पारितोषिक त्यांना मिळालं. फ्लोराइड त्यांच्या दारात आहे. आफ्रिकी संघाचं पॅन आफ्रिकन विद्यापीठ केनिया, नायजेरिया, कॅमेरून आणि अल्जीरियात पदव्युत्तर वर्ग चालवतं. ही माणसं आपल्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत कधी दिसली नाहीत.

तेव्हा पुढची बैठक बोलवाल, त्या आधी एवढं करा. ज्या देशाचे विद्यार्थी घेणार आहात, तिथल्या किमान दोन विभागप्रमुखांना मतदानाच्या हक्कासह मंडळावर घ्या. ते पुण्याला येऊ शकत नसतील तर बैठक ऑनलाइन घ्या, त्यांच्या वेळेने. आपल्याकडून पदवी घेऊन परत गेलेल्यांपैकी जेवढे सापडतील तेवढ्यांना गाठून विचारा, की इथे शिकलेल्यातलं काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं आणि आज तुमच्या प्रयोगशाळेत काय चालू स्थितीत आहे. ती उत्तरं बैठकीच्या कार्यपत्रिकेला जोडा. माझ्या विद्यार्थ्यांचे पत्ते, त्यांची परवानगी घेऊन, मी कळवू शकतो. अरुशाचा तो विद्यार्थी आता स्वतः एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतो, आणि फ्लोराइडचा इलेक्ट्रोड त्याच्या पहिल्या प्रात्यक्षिकात आहे.

कळावे,

आपला स्नेहाकांक्षी,
पर्यावरण अभियांत्रिकीचा एक निवृत्त प्राध्यापक
पुणे